पट्ट्याची मुदत संपण्याआधी : राहत्या घराचा भाडेपट्टा कसा वाढवावा?

खाली दुकान किंवा कारखाना आणि वर राहते घर, ही आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची जुनी रीत. यांपैकी काही घरांखालची जागा स्वतःची नसते, पट्ट्याची असते. कागद वडिलांनी केलेला, पेटीत ठेवलेला. मुलगा कर्जासाठी बँकेत गेला की मगच कळते की मुदत संपत आली आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडे मुदतवाढ आपोआप मिळत नाही. इंग्लंडमध्ये 1993 च्या कायद्याने पट्ट्याच्या फ्लॅटधारकाला 90 वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसा हक्क नाही. नूतनीकरणाची अट पट्ट्यातच लिहिलेली असेल तरच ती मागता येते, आणि तीही अटीत सांगितलेल्या वेळेत व रीतीने.

दुसरी गोष्ट. मुदत संपल्यावर मालक भाडे घेत राहिला की पट्टा पुन्हा तितक्याच वर्षांचा झाला, असे पुष्कळ बांधव समजतात. ते खरे नाही. वेगळा करार नसेल तर कलम 116 प्रमाणे राहत्या घराचा असा ताबा महिन्या-महिन्याचा धरला जातो, आणि कलम 106 खाली पंधरा दिवसांच्या नोटिशीने तो संपवता येतो. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण काही ठिकाणी मिळते. पण सरकारच्या व स्थानिक संस्थेच्या जागांना 1999 चा तो कायदा साधारणपणे लागू नाही.

आता जागा कोणाची, ते पाहा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा.

जागा सरकारी असेल तर तहसील कचेरीत विचारा. पट्ट्याची सरकारी जमीन अधिमूल्य भरून भोगवटादार वर्ग एक करून घेण्याची वाट 2019 च्या नियमांनी उघडली. दर व मुदती बदलत असतात. आजचा हिशेब लेखी मागावा.

जागा नगरपरिषदेची असेल तर तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ठराव आणि मंजुरी दोन्हींच्या नकला हाती हव्यात.

जागा वक्फची असेल तर एकट्या मुतवल्लीची सही पुरत नाही. 1995 च्या कायद्याच्या कलम 56 प्रमाणे एक ते तीस वर्षांच्या पट्ट्याला वक्फ मंडळाची पूर्वमंजुरी लागते. 2013 च्या दुरुस्तीनंतर तीस वर्षांवरचा पट्टा मुळातच रद्दबातल ठरतो.

जागा आदिवासी खातेदाराची असेल तर विशेष काळजी घ्यावी. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला अशी जमीन पाच वर्षांपर्यंत पट्ट्याने घ्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाची मान्यताही लागते. परवानगीशिवाय केलेल्या व्यवहारात जमीन मूळ कुटुंबाला परत जाऊ शकते, आणि त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते रास्तच आहे. दुसऱ्याच्या नावाची पळवाट कोणी सुचवली तर त्या दारी जाऊ नये.

मुदतवाढ म्हणजे नवा पट्टाच. तो एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी सक्तीची आहे आणि दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो. नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेला कागद कोर्टात उपयोगी पडत नाही.

मुद्रांक शुल्कही मुदतीवर ठरते. पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या 10 टक्क्यांवर, दहापर्यंत 25, एकोणतीसपर्यंत 50 आणि त्यापुढे 90 टक्क्यांवर शुल्क आकारतात. समजा, घराचे मूल्य 10 लाख आहे. 29 वर्षांच्या पट्ट्यास 5 लाखांवर शुल्क, तर 30 वर्षांच्या पट्ट्यास 9 लाखांवर. दस्तात नूतनीकरणाची मुदत लिहिली असेल तर तीही यात मोजतात. सही करण्यापूर्वी दुय्यम निबंधक कचेरीत हिशेब करून घ्यावा.

थोडक्यात, आजच पेटी उघडा. मुदत केव्हा संपते आणि नूतनीकरणाची अट आहे की नाही, ते वाचा. वडील हयात नसतील तर वारसांची नावे लावून घ्या. भाड्याच्या पावत्या वर्षवार लावा. मुदत संपण्याच्या दोन-तीन वर्षे आधी मालकाला लेखी अर्ज पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पट्टा 1998 साली तीस वर्षांसाठी झाला असेल तर तो 2028 मध्ये संपतो, म्हणजे अर्जाची वेळ आलीच आहे. वकिलाची फी आज जड वाटेल, पण घर हातचे गेल्यावर करायचा खर्च तिच्याहून कितीतरी जड असतो.