शिकणारे यंत्र आणि शिकणारा चोर

इतिहासाच्या विद्यार्थ्याने तटबंदीचा अभ्यास करताना तिच्यावर चालून आलेल्या शत्रूचाही अभ्यास करावा लागतो. १४५३ साली ऑटोमन तोफांच्या माऱ्यापुढे कॉन्स्टँटिनोपलचे सुमारे हजार वर्षांचे तट ढासळले. पुढील काळात इटलीतील स्थापत्यकारांनी उंच, सरळ भिंती सोडून दिल्या आणि बुटके, रुंद, कोनदार बुरूज बांधण्यास प्रारंभ केला. बचाव करणारा व चाल करणारा एकमेकांपासून शिकत असतात. संगणकातील माहितीच्या सुरक्षेचा प्रश्नही मुळात हाच आहे; फरक इतकाच की, तेथे आता बचाव करणाऱ्याच्या बाजूने यंत्रही शिकू लागले आहे.

ई-मेलमधील नको असलेली व फसवी पत्रे, म्हणजे स्पॅम, वेगळी काढणारी चाळणी हे त्याचे परिचित उदाहरण होय. पूर्वी ‘अमुक शब्द आला की पत्र अडवा’ असे नियम माणसे लिहीत असत. यंत्र-अध्ययनाच्या, अर्थात मशीन लर्निंगच्या, पद्धतीत नियम लिहून दिले जात नाहीत. चांगली व फसवी अशी हजारो पत्रे यंत्रापुढे ठेवली जातात. कोणता शब्द कोणत्या गटात किती वेळा येतो, हे ते मोजते आणि नव्या पत्राची शक्यता त्यावरून ठरविते. ‘लॉटरी’ फसव्या पत्रांत वारंवार दिसते, ‘सहामाही’ क्वचितच.

या पद्धतीत दोन अडचणी आहेत. पहिली निरपराध पत्राची. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आलेले शिष्यवृत्तीचे पत्र स्पॅमच्या कप्प्यात पडून राहिले आणि कागदपत्रे देण्याची मुदत टळली. ‘रक्कम’, ‘बँक खाते’, ‘तातडीने’ हे शब्द त्यात होते. फसव्या पत्रांतही तेच असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचे कृत्य न पाहता त्याच्या जमातीवरून त्याला पोलिसांच्या नोंदवहीत घातले, आणि तो कायदा जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. यंत्राला द्वेष नसतो हे मान्य. परंतु ज्या नोंदींवर ते शिकते, त्या माणसांनीच केलेल्या असतात. म्हणून एक फसवे पत्र आत येण्यापेक्षा एक खरे पत्र अडविणे ही मोठी चूक, असे वजन चाळणी घडविणाऱ्याने आरंभीच ठरवून दिले पाहिजे.

दुसरी अडचण अशी की, समोरचाही शिकतो. चाळणी कोणते शब्द पकडते हे कळताच स्पॅम पाठविणाऱ्यांनी त्या शब्दांच्या अक्षरांमध्ये टिंबे घातली, पत्राच्या शेवटी पुस्तकांतील निरुपद्रवी उतारे जोडले, मजकूर चित्रात लपविला. कालच्या पत्रांवर शिकलेले यंत्र आजच्या पत्रापुढे फसले.

येथे खेळ-सिद्धांत, म्हणजे गेम थिअरी, उपयोगी पडतो. वसतिगृहात धान्यकोठार व कार्यालय अशा दोन जागा आणि रखवालदार एकच, असे समजू. कोठारात ३००० रुपयांचा माल आहे, कार्यालयात १००० रुपयांचा. रखवालदार नेहमी कोठारावर बसला, तर चोर कार्यालय फोडील; नुकसान १०००. तो दोन्हीकडे निम्म्या-निम्म्या रात्री बसला, तर चोर कोठाराकडे वळेल. सरासरी नुकसान १५००. मात्र चारपैकी तीन रात्री कोठार व एक रात्र कार्यालय असे प्रमाण ठेवून नेमकी रात्र दैवावर सोडली, तर चोर कोठेही गेला तरी सरासरी नुकसान ७५० वरच थांबते. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर मिलिंद तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी नाके कधी व कोठे लावावेत, हे अशाच विचाराने ठरविणारी प्रणाली दिली. शेकडो संगणकांपैकी आज कोणत्याची नोंद तपासावी, हा प्रश्न याच जातीचा.

चाळणीच्या बाबतीत हा विचार नीलेश दलवी, पेड्रो डोमिंगोस व त्यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सहकाऱ्यांनी २००४ साली मांडला. पत्रातील शब्द बदलण्यास पाठविणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते. फार बदलले तर त्याचा हेतूच साधत नाही. तेव्हा सर्वांत स्वस्त पळवाट कोणती, हे चाळणीने आधीच हिशेबात धरावे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. अर्थात याचीही कल्पना प्रतिपक्षाला येते, आणि डाव पुढे चालू राहतो.

दहावीच्या वर्गात मी रखवालदार-चोराचा हा खेळ चिठ्ठ्यांवर खेळवून पाहिला. रखवालदार झालेल्या मुलांनी तीनास एक हे प्रमाण काटेकोर पाळले. तरीही ती हरू लागली. कारण एका मुलीने शोधून काढले. सलग तीन वेळा ‘कोठार’ लिहिले की चौथ्या वेळी ती मुले न चुकता ‘कार्यालय’ लिहीत. मग आम्ही दोन नाणी आणली. दोन्हींवर छाप पडला तर कार्यालय, एरवी कोठार. त्यानंतर त्या मुलीला डाव ओळखता आला नाही, आणि तिने तक्रार केली की, आता यात विचार करण्याजोगे काही उरलेच नाही.