मोटर का थांबते?

मळ्यातली मोटर चालू केली. पाच मिनिटे पाणी आले. मग ‘खट्’ आवाज झाला नि मोटर बंद पडली. पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच! आपल्याला राग येतो. पण मंडळी, मोटर थांबवणारा तर आपला राखणदार आहे.

स्टार्टरच्या पेटीत रिले नावाचा भाग असतो. मोटर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू लागली, की रिले तापतो आणि मोटर बंद करतो. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर पुऱ्या कामावर सुमारे ७.५ अँपिअर वीज घेते. नेमका आकडा मोटरच्या पाटीवर असतो. आता आपल्याला वाचता येते. तो वाचून वहीत लिहून ठेवावा.

मोटर जास्त वीज का ओढते?

१. तीनपैकी एक फेज गेला, तर सगळा भार उरलेल्या दोन फेजवर पडतो. चालू करतानाच एक फेज नसला, तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

२. विजेचा दाब फार कमी असला, तर तेवढ्याच कामाला जास्त वीज लागते.

३. पंपात गाळ किंवा काडी अडकली, बेअरिंग खराब झाले, तर पंप जड फिरतो.

मग काय करावे? आधी मेन स्विच बंद करावा आणि फ्यूज काढून घ्यावेत. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. मग पंपाचा आस हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला, तर दोष बहुधा विजेकडे आहे. जड फिरला, तर पंप उघडून साफ करावा. फेज आणि दाब वायरमनकडूनच तपासून घ्यावेत. रिले थंड झाल्यावर एकदाच बटण दाबावे. पुन्हा मोटर थांबली, तर हट्ट करू नये.

एका उन्हाळ्यात आम्ही हा हट्ट केला. कांदा पाण्यावाचून सुकत होता. आम्ही रिले वगळून तारा जोडून घेतल्या. तासाभरात जळका वास आला. मोटर जळाली. ती दुरुस्त होऊन यायला आठ दिवस लागले. तोवर कांदा गेला. शाळेत मुलांना शहाणपण शिकवणारे आम्ही, पण आमचा धडा आम्हाला मोटरने शिकवला!

फ्यूजच्या जागी जाड तार घालणे हीही तशीच चूक. राखणदाराला बांधून ठेवले, तर घर कोण राखणार?

सांगा पाहू :
१. रिले मोटर केव्हा बंद करतो?
२. पंपाला हात लावण्याआधी काय करावे?
३. तुमच्या मोटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिले आहेत?