मुस्ता : वाशीम परिसरातील ओळख, संग्रह व दक्षता

ज्वर, अतिसार व ग्रहणी यांच्या चिकित्सेत मुस्ता हे नित्य वापराचे द्रव्य होय. चरकाचार्यांनी संग्राही, दीपन व पाचन द्रव्यांत तिला अग्रस्थान दिले आहे. वाशीम जिल्ह्यातील शेतकरी मात्र तिला मोथा किंवा लव्हाळा या नावाने तण म्हणूनच ओळखतात. एकाच शेतातील तण व औषध यांत विवेक करणे हे वैद्य व फार्मसीचालक यांचे कर्तव्य आहे.

परिचय : शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. रस तिक्त, कटु, कषाय, विपाक कटु, वीर्य शीत, कफपित्तशामक. चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. भावप्रकाशात अनूपदेशातील मुस्ता प्रशस्त मानली असली, तरी ही बहुवर्षायू वनस्पती कोरड्या, वाळूमिश्रित जमिनीतही तग धरते. वरची पाने वाळली तरी भूमिगत कंद जिवंत राहतात व पहिल्या पावसात पुन्हा फुटतात.

ओळख : दांडा त्रिधारी, तुरा तांबूस-तपकिरी. कंद एकामागून एक माळेसारखे जोडलेले, बाहेरून काळपट, आतून पांढरट, सुगंधी व चवीस कडवट. सायपेरस एस्क्युलेंटस या जातीचा तुरा पिवळसर असतो. तिचे कंद तंतूच्या टोकाशी एकेकटे येतात व गोड लागतात. ते मुस्ता म्हणून घेऊ नयेत. नागरमोथा (सायपेरस स्कॅरिओसस) हीदेखील भिन्न जाती आहे. खरेदीच्या नोंदीत दोन्ही स्वतंत्र लिहाव्यात.

संग्रह : कंदांसाठी शरद ऋतू शास्त्रसंमत आहे. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी होणाऱ्या मशागतीत कंद आपोआप वर येतात. काळ्या जमिनीत माळ तुटते व माती घट्ट चिकटते. पैनगंगा, अडाण यांच्या काठच्या वाळूसर जमिनीत ती अखंड निघते. तथापि वाळूचे कण मुळांच्या तंतूंत अडकून राहिल्यास आम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण वाढते. म्हणून कंद धुऊन, तंतू काढून, सावलीत वाळवावेत. तीव्र उन्हात सुगंधी तैलांश उडतो.

दक्षता : सोयाबीन, ऊस इत्यादी पिकांत तणनाशकांची फवारणी होते. मोथ्यावरील काही तणनाशके पानांतून कंदापर्यंत पोहोचतात. ती केवळ धुण्याने जात नाहीत. सबब शेतकऱ्याने फुकट दिलेला ढीगही फवारणीची चौकशी केल्याविना घेऊ नये. फवारणी न होणारे बांध व नदीकाठ निश्चित करून तेथूनच संग्रह करावा आणि प्रत्येक पोत्यावर गाव, शेत व दिनांक नोंदवावा. ज्या द्रव्याने अतिसाराच्या बालकास पथ्यकर पेय द्यावयाचे, त्याचे मूळ स्थान वैद्यास ठाऊक असलेच पाहिजे.