फॉन्ट पास की नापास?

गॅदरिंगचं पोस्टर असो की मेसची नोटीस, टाइप करून झालं की आपण फॉन्टची लांबलचक यादी उघडतो आणि त्यातला सगळ्यात 'भारी' दिसणारा निवडतो. पण फॉन्ट हा आधी वाचण्यासाठी असतो, मग बघण्यासाठी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे इंग्रजीचे नियम मला ठाऊक होते. मराठीचं गणित मात्र वेगळं आहे.

देवनागरी अक्षर म्हणजे तीन मजली इमारत. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. या सर्वांना जागा दिल्यावर मधल्या मुख्य अक्षराची उंची कमी होते. म्हणून इंग्रजी मजकूर १२ पॉइंटमध्ये असेल तर मराठी १४ मध्ये ठेवावा. दोन ओळींत अंतरही जास्त सोडावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

दुसरी गोष्ट जुळ्या अक्षरांची. घ-ध, भ-म, थ-य यांच्यात फरक असतो तो शिरोरेषेतल्या फटीचा किंवा छोट्या गाठीचा. फार ठळक फॉन्टमध्ये ही फट बुजते आणि फार बारीक फॉन्टच्या रेषा झेरॉक्समध्ये गायब होतात.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. माझं गाव रनाळे, जिल्हा नंदुरबार. मिरचीवर फवारणी करायची होती, तेव्हा आजोबांनी दुकानातून मिळालेलं एक पत्रक माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "हाई काय शे, १ का ९?" आकडे इतके नक्षीदार होते की मलाही दोनदा बघावं लागलं. औषध एक मिली घालायचं की नऊ मिली, हे फॉन्टच्या एका वळणावर ठरत होतं!

चांगल्या अक्षरांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जावजी दादाजी यांच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप एकोणिसाव्या शतकातच सुबकपणासाठी नावाजला गेला. पुढे संगणकाच्या पडद्यासाठी प्रा. र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फॉन्ट तयार केला. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू', तसेच मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हे फॉन्ट मोफत मिळतात. हे सारे युनिकोड आहेत, त्यामुळे फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली तरी मराठीचं मराठीच राहतं.

शेवटी एक सोपं प्रॅक्टिकल. 'घन-धन, भात-मात, १-९' एवढी एक ओळ निवडलेल्या फॉन्टमध्ये छापा, तिची झेरॉक्स काढा आणि बोर्डावर लावा. चार पावलं मागे या आणि मेसच्या काकांना वाचायला सांगा. त्यांनी न अडखळता वाचलं, तर फॉन्ट पास. नाहीतर एटीकेटी!