घरात वावरणाऱ्या मांजरीचा हक्क

नवीन जालन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. अशा ठिकाणी वुजूसाठी भरून ठेवलेल्या भांड्यात घरच्या लांब केसांच्या, झुबकेदार शेपटीच्या मांजरीने तोंड घातले, तर ते पाणी ओतून द्यावे काय? तिचे केस कपड्याला चिकटले असता नमाज होते काय?

हजरत अबू कतादा (र.) आपल्या सूनबाई कबशा यांच्याकडे आले असता त्यांनी वुजूसाठी पाणी ठेवले. इतक्यात एक मांजर पाणी पिण्यास आली. अबू कतादांनी भांडे तिच्यापुढे कलते केले. सूनबाई आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

म्हणून ते पाणी ओतू नये. हनफी विद्वानांच्या मते दुसरे पाणी उपलब्ध असता मांजरीच्या उष्ट्या पाण्याने वुजू करणे किंचित अप्रिय आहे. दुसरे नसेल तर मुळीच संकोच नको. शाफई मतानुसार तेवढीही अप्रियता नाही. हनफी मताप्रमाणे तिचे केसही पाक आहेत. मात्र तिचे मलमूत्र नापाक आहे. ते लागलेला कपडा व जागा धुतलीच पाहिजे. नुकताच उंदीर खाऊन रक्ताळलेल्या तोंडाने ती पाणी प्याली, तर ते पाणी वापरू नये.

वाचकहो, येथेच थांबू नका. या हदीसमधील ‘वावरणारे’ हा शब्द लक्षात घ्या. कुरआनात सूरह अन-नूरच्या 58व्या आयतीत हाच शब्दप्रयोग घरातील सेवक व लहान मुले यांच्यासंबंधी आला आहे. त्यांची ये-जा सततची, म्हणून तीन वेळा वगळता त्यांना परवानगी मागण्याचे बंधन नाही. म्हणजे मांजरीला मिळालेली सवलत ही घरच्यांना मिळणारी सवलत आहे. आणि जो घरचा, त्याचा घरावर हक्क असतो.

हा हक्क नाकारणाऱ्या स्त्रीचा परिणाम बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदला आहे. तिने मांजर कोंडून ठेवली. खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडेमुंग्या खाण्यास मोकळेही सोडले नाही. मांजर मेली व ती स्त्री नरकास पात्र ठरली.

गल्लीतील मांजर उंदीर धरून पोट भरते. घरातच वाढलेली लांब केसांची मांजर तसे करू शकत नाही. तिला पिंजऱ्यात ठेवून लग्नकार्यासाठी गावी निघून जाणे, अथवा केस गळतात म्हणून कंटाळून कुंडलिकेच्या काठी सोडून देणे, या दोन्ही गोष्टी त्या कोंडण्याहून फारशा वेगळ्या नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिला सावली, ताजे पाणी व नियमित विंचरणे हवे. गावी जाताना विश्वासू शेजाऱ्याकडे तिची व्यवस्था हवी. हे जमणार नसेल, तर शोभेसाठी मांजर आणूच नये.

उष्टे पाणी पाक आहे काय, हे आपण आवर्जून विचारतो. तिच्या भांड्यात पाणी आहे काय, हेही तितक्याच आवर्जून पाहावे. त्याचा जाब आपल्याला द्यावयाचा आहे.

अल्लाह आपल्या आश्रयास असलेल्या प्रत्येक जिवाचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.