वाटेवरील प्रसूति
पाठ : उत्पत्ति ३५:१६–२०

एफ्राथ थोडेच दूर राहिले असता राहेलीस वाटेतच वेणा लागल्या. सुईण जवळ होती, तिने धीरही दिला. तथापि बन्यामीन जगला व माता गेली. याकोबास कबरेवर स्तंभ उभारणे एवढेच उरले. मृत्यूचे कारण शास्त्र सांगत नाही. आजही प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव काही तासांत प्राण घेतो, आणि घरी त्यावर इलाज नसतो. "उजाडेपर्यंत पाहू," असे वडील माणसे म्हणतात. ते उजाडणे कित्येकींस दिसले नाही. सरकारी रुग्णालयांत सन २०११ पासून प्रसूति, शस्त्रक्रिया, रक्त व येणेजाणे विनामूल्य आहे. महाराष्ट्रात सन २०१४ पासून १०८ क्रमांकावर गाडी मिळते. उपदेशकांनी गरोदर भगिनींची नावे प्रार्थनेसाठी लिहिलीच असतील. प्रत्येकीपुढे रात्री सोबत जाणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे, अशी आम्ही विनंती करितो.