शिंदीच्या नीरेची घरगुती काकवी

कोकणपट्टीत आणि विशेषतः ठाणे व पालघर जिल्ह्यांत बांधावर, ओढ्याकाठी व पडीक जमिनीत शिंदीची झाडे आपोआप वाढलेली दिसतात. झाड हाती असूनही त्यापासून ताडीखेरीज दुसरे काही मिळते, याचा पुष्कळांना विसर पडला आहे. बंगालमध्ये याच झाडाच्या रसाचा गूळ हिवाळ्यात घरोघरी खाल्ला जातो व त्याचा संदेश तर सर्वांच्या परिचयाचा आहे. उत्तर अमेरिकेत मेपल वृक्षाचा रस वसंताच्या आरंभी आटवून पाक करतात. पण त्या रसात साखर शेकडा दोनच्या आसपास असल्याने एक लिटर पाकासाठी सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. शिंदीच्या ताज्या नीरेत साखरेचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असते. दहा लिटर नीरेपासून साधारण दीड किलो काकवी उतरते. सरपणाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

नीरा काढण्यासाठी शासनाचा परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून आधी मिळवावा व मगच झाडास कोयता लावावा.

हंगाम थंडीचा. कार्तिकात झाडाच्या एका बाजूच्या खालच्या झावळ्या काढून शेंड्याखालचा भाग साफ करतात व तो काही दिवस तसाच सुकू देतात. नंतर तेथे धारदार कोयत्याने उतरता छेद घेऊन खालच्या टोकाशी बांबूची लहान पन्हळ बसवितात आणि तिच्याखाली मडके टांगतात. पुढे प्रत्येक वेळी अगदी पातळ काप काढून छेद ताजा करावयाचा असतो. लोभाने खोल छेद घेणाऱ्याचे झाड हातचे जाते. आंब्याच्या खोडावरची जखम सालीखालच्या वाढीने भरून येते. शिंदीच्या खोडास ती सोय नाही, आणि तिचा वाढीचा कोंब शेंड्यात एकच असतो. तो दुखावला की झाड मेलेच. म्हणून काही दिवस रस घेतल्यावर झाडास तितकीच विश्रांती द्यावी आणि पुढील वर्षी छेद विरुद्ध बाजूस घ्यावा. जुन्या शिंदीच्या खोडावर नागमोडी खाचा दिसतात, त्या यामुळेच. विश्रांतीनंतरच्या पहिल्या थंड रात्रीची नीरा सर्वांत गोड असते.

नीरा हवेतील यीस्टमुळे फार लवकर आंबते. एकदा आंबली की साखर गेली, मग ती कितीही आटवा, काकवी होत नाही. यासाठी मडके रोज धुऊन, वाळवून आतून चुन्याचा पातळ हात द्यावा. चुना जास्त झाला तर काकवी काळी व तुरट होते. परीक्षा सोपी आहे : हळद लावलेल्या कागदावर नीरेचा थेंब टाकावा. फिकट तांबूस डाग पडला तर चुना पुरेसा आहे. डाग पडलाच नाही तर कमी, व गडद लाल पडला तर अधिक समजावा. मडके सायंकाळी टांगून सूर्योदयापूर्वी उतरवावे.

मडक्याचे तोंड व छेद बांबूच्या चटईने झाकणे अत्यावश्यक आहे. फळे खाणारी वटवाघळे रात्री रस चाटावयास येतात. बांगलादेशात 2001 सालापासून निपाह रोगाच्या ज्या साथी झाल्या, त्यांतील अनेकांचे कारण अशा रीतीने दूषित झालेला शिंदीचा कच्चा रस हे आढळून आले आहे. उकळल्याने हा विषाणू मरतो; तरी उघड्या मडक्यातील कच्ची नीरा मुलांस मुळीच देऊ नये.

उतरविलेली नीरा गाळून थोडा वेळ स्थिर ठेवावी व चुन्याचा गाळ न हलविता वरची निवळ रुंद, उथळ कढईत ओतावी. आटविण्यास उशीर करू नये. शिंदीच्याच वाळक्या झावळ्या जळणास चालतात. उकळी येताच मळी वर येते, ती झाऱ्याने काढीत राहावे. फेस उतू जाऊ लागल्यास गोडेतेलाचे दोन थेंब पुरतात. रस निम्म्याहून खाली आल्यावर आच मंद करावी व कढईपासून हलू नये, कारण शेवटच्या दहा मिनिटांत पाक करपतो आणि सगळ्या रात्रीची नीरा वाया जाते. उष्णतामापक असेल तर 105 ते 106 अंश सेल्सिअसला कढई उतरवावी. नसेल तर थंड ताटलीत थेंब टाकून पाहावा. तो न पसरता राहिला व बोटांत एकतार आली की काकवी झाली. पातळ राहिलेली काकवी महिन्याभरात आंबते, अति घट्ट झालेलीत तळाशी खडे बसतात.

काकवी गरम असतानाच जाड फडक्यातून गाळून कोरड्या बरण्यांत भरावी. गूळ हवा असेल तर पाक आणखी आटवावा व थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होऊ लागताच घोटून साच्यात ओतावा.